दातांक विचारा

"तोंड उघड गो."

दत्ताराम मेस्त्री माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख, नमस्कार ना चमत्कार. मी बावीस वर्षांची, गिरगावातली, नुकतीच बी.एस्सी. झालेली आणि तिथल्याच आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र संग्रहालयात मदतनीस म्हणून लागलेली. समोर काळी टोपी, मळकं धोतर, हातात पत्र्याची पेटी घेतलेला पन्नाशीचा माणूस. मी इतकी संतापले की चांगलं सुनावायला तोंड उघडलं, आणि त्यांनी तेवढ्यात आत डोकावून घेतलं.

"दोरो दातान तोडतंस. डाव्या बाजूक. शिवण बरी येता, पण कात्री खंय ठेवलंस ती गावणा नाय."

शब्द न् शब्द खरा होता. माझ्या पुढच्या दाताला डावीकडे केसाएवढी खाच होती, ती मलाही ठाऊक नव्हती. घरी जाऊन आरशात पाहिली तेव्हा पटली. आणि कात्री? ती आमच्या घरात कधीच जागेवर नसे.

मेस्त्री कवळ्या करत. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर खोली होती, तिथेच राहणं आणि तिथेच कारखाना. परळ-दादरचे दंतवैद्य रोग्याच्या तोंडाचे मेणातले ठसे त्यांच्याकडे पाठवत, मेस्त्री त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओतत आणि मग कवळी घडवत. आयुष्यभर माणसांचे जबडे हातात खेळवल्यामुळे त्यांना चेहऱ्यांपेक्षा दात जास्त लक्षात राहत. रस्त्यात कोणी "काय मेस्त्री, ओळखलं नाही?" म्हणालं की ते म्हणत, "हस बघू." समोरचा हसला की नाव, गाव, गिरणीतलं खातं सगळं सांगून मोकळे.

एकदा एका दवाखान्याने दोन ठसे चिठ्ठ्या न लावताच धाडले. कुठला कोणाचा हे खुद्द दवाखान्याला सांगता येईना. दोघांच्या दाढा गेलेल्या, पुढचे दात शाबूत. मेस्त्रींनी दोन्ही ठसे ओतले, उजेडात फिरवले आणि म्हणाले, हा साचेवाला आणि हा चांभार. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घेतो, दिवसातून शेकडो वेळा, त्याचे पुढचे दात एका ठरावीक ठिकाणी घासतात. चांभार खिळे दातात धरतो, त्याची झीज निराळी, बारीक बारीक टवके उडालेली. दोन्ही कवळ्या बिनचूक ज्याच्या त्याच्या तोंडात गेल्या. हे ते मला फुशारकीने सांगत नसत. "त्यात काय मोठासा?" म्हणत. "त्यांच्या पंगतीक आपण नव्हतो, कामावर आपण नव्हतो. दात होते. दातांक विचारा."

हे त्यांचं पालुपद. घरात काही हरवलं, कोणी खोटं बोललं, कोणी पुढारी भाषणात काही म्हणाला, की मेस्त्रींचं एकच: दातांक विचारा.

आता ते आमच्याकडे कसे आले ते सांगते. आमच्या संग्रहालयात एका राक्षसी जबड्याचा तुकडा होता. दक्षिणेकडच्या चुनखडीतून कोणे एके काळी आलेला, माझ्या हाताएवढा लांब, दगडात अर्धा रुतलेला, बाहेरच्या बाजूला ओळीने आठ दात. समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी, सुसरीसारखं तोंड, होडीएवढं धूड, आणि माणूस जन्माला यायच्या कोट्यवधी वर्षं आधीच नामशेष झालेला. त्याचं लॅटिन नाव एवढं लांबलचक की आमचा शिपाई सखाराम त्याला सरळ 'आजोबा' म्हणायचा, आणि मग सगळेच म्हणायला लागले. कपाट सरकवताना आजोबांच्या एका दाताचं टोक उडालं. ते प्लॅस्टरने करून द्यायला कोणी कारागीर हवा म्हणून आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मेस्त्रींना बोलावलं.

मेस्त्रींनी टोक केलं नाही. तासभर आजोबांपुढे उकिडवे बसून राहिले. मग मला म्हणाले, "बाय, ह्या कार्डावर काय लिवलांहा?"

कार्ड इंग्रजीत होतं. मी वाचून सांगितलं: हा प्राणी मासे खाऊन राहत असे.

मेस्त्री असे काही हसले की सखाराम धावत आला. "मासे? अगो, मासे खाऊन दात असे बोथट झाले असते तर अख्ख्या मालवणात एकाच्या तोंडात धड दात दिसलो नसतो! मासो मऊ. मासो धरूक दात सुयेसारखो लागता, आणि तो सुयेसारखोच ऱ्हवता. ह्याची टोकां बघ. झिजून सपाट. हो काहीतरी कडक फोडी होतो. शिंपल्या म्हण, शंख म्हण. कार्ड चुकीचा असा."

कार्ड बदलायचं. एवढंच त्या माणसाला हवं होतं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मी विचारलंदेखील, "मेस्त्री, तुम्हाला काय पडलंय हो? मेलेला सरडा तो." तर डोळे वटारून म्हणाले, "तुझ्या आजोबांविषयी कोणी खोटां लिवन ठेवल्यान तर तू गप ऱ्हवशीत?"

दुसऱ्या दिवशी मेस्त्री वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन जबडे घेऊन हजर. एक मोरी माशाचा, एक पाकट माशाचा, लालबागच्या बाजारात कोळणीकडून मागून आणलेले. सगळ्या विभागात जो काही वास सुटला म्हणता! सर नाकाला रुमाल लावून बाहेर आले. सर मोठे विद्वान, परदेशी शिकलेले, स्वभावाने वाईट नव्हते, पण पदवी नसलेल्या माणसाला दगडातलं काही कळू शकतं हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"मोरी मासे खाते साहेब, तिचे दात बघा. आणि पाकट शिंपल्या फोडतं, त्याचे बघा. आता तुमचे आजोबा बघा."

"तुम्हाला टोक बसवायला बोलावलंय, मेस्त्री."

"चुकीच्या कार्डावर मी दात बसवणार नाही."

सर म्हणाले, "तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. पण तोंडं तुमच्यापेक्षा जास्त बघितलीत."

मी टेबलाखाली लपायच्या बेतात होते. पण सर चक्क भिंग घेऊन बसले. बराच वेळ पाहिलं. दातांची टोकं सपाट होती, चकचकीत होती, नाकारण्यासारखं नव्हतंच. शेवटी म्हणाले, "दसऱ्याच्या सुट्टीनंतर विचार करू. पण चूक निघालात तर?"

"चूक निघालो तर ह्या उंबऱ्यावर परत पाय ठेवणार नाही." मेस्त्रींनी उंबऱ्याकडे बोट केलं. मला वाटलं, कशाला असल्या पैजा घेतो हा माणूस! त्या जबड्यापाशी बसताना ते किती सुखात असत ते मी रोज बघत होते.

ते दिवसच तसे होते म्हणा. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा भिंतीभिंतीवर, पोराटोरांच्या तोंडी. गोळीबारात माणसं गेली होती, चाळीचाळींत सुतक होतं. मेस्त्री प्रत्येक मोर्चाला जात. अशाच एका मोर्चात लाठी तोंडावर बसली आणि त्यांचा वरचा पुढचा दात गेला. मुंबईभर लोकांना दात पुरवणारा माणूस, स्वतःला एक दात करून लावायला त्यांना किती वेळ लागला असता? पण नाही लावला. मी विचारलं तर म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्र होईसर ती जागा रिकामीच ऱ्हवांदे. ज्यांनी पाडलो त्येंका दिसांदे." आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, पोलीस दिसला की त्याच्याकडे बघून तोंडभर हसायचे.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी उपकरणं, हातोड्या, छिन्न्या, तराजू पुसूनबिसून मांडत आणि सखाराम त्यांची पूजा करी. मेस्त्रींना त्यानेच प्रसादाला बोलावलं होतं. मेस्त्री आत आले, टोपी सारखी केली आणि जागच्या जागी थांबले. सखाराम आजोबांपुढे मांडी घालून बसला होता. एका हातात राख, दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या. आणि तो आजोबांचे दात घासत होता. खसाखसा, आडवा हात मारून, आमटीचं पातेलं घासावं तसा.

"सखाराम," मेस्त्री अगदी हळू म्हणाले, "ह्यां किती वर्सां करतंस?"

"झाली की बारा-तेरा वर्षं," सखाराम अभिमानाने म्हणाला. "दर खंडेनवमीला. हत्यारांची पूजा ना? मग आजोबांची हत्यारं कोणती? दातच की!"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मेस्त्री स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ज्या चकचकीत सपाट टोकांवर त्यांनी सगळी पैज लावली होती, त्यातली किती आजोबांनी झिजवली आणि किती सखारामाच्या काथ्याने, हे आता कोण सांगणार?

सखाराम पाणी आणायला गेला तसं मी म्हटलं, "मेस्त्री, आपल्या तिघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. सर कार्ड बदलणारच आहेत. गप्प बसा ना!"

मेस्त्रींनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याची मला आजही लाज वाटते. "घासलेलो दात आणि झिजलेलो दात ह्यां माका आधीच कळूक व्हया होतां," ते म्हणाले. "घाई झाली माझी." उठले आणि तडक सरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"साहेब, चुकलो. दात दरवर्षी राखेने घासले जातात. माझा पुरावा गेला. सखारामाला बोलू नका, त्याने पूजा केली. घाई मी केली."

सर म्हणाले, "ठीक आहे. कार्ड आहे तसं राहू दे." खोलीत बसलेले दुसरे एक प्राध्यापक फिस्सकन हसले आणि म्हणाले, "कवळीवाले शेवटी कवळीवालेच." मेस्त्री तसेच वळले. बाहेर आले, वहाणा घातल्या, उंबरा ओलांडला आणि गेले. प्रसाद तसाच राहिला.

मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी दगड साफ करत बसले होते तर रस्त्याकडच्या खिडकीवर टकटक. गजांपलीकडे फुटपाथवर मेस्त्री.

"आत या ना!"

"शब्द दिलोहा. उंबऱ्यावर पाय नाय. पण खिडकी उंबऱ्यात येणा नाय," म्हणाले आणि कोपर खिडकीवर टेकून उभे राहिले. "बाय, माका एकच सांग. सखारामाचो हात खंय पोचणा नाय?"

मी आजोबांकडे पाहिलं. आठ दात बाहेर. पण जबड्याच्या मागच्या टोकाला दगड फुगला होता, आणि त्या फुगवट्याच्या कडेला दाताच्या मुळासारखं काहीतरी डोकावत होतं. आत दात असणार. समुद्रातला गाळ त्यावर बसला तेव्हापासून त्यांना कोणाचाही हात लागलेला नव्हता. ना सखारामाचा, ना राखेचा.

मेस्त्रींनी गजांमधून नुसतं बोट दाखवलं.

दगड खरवडणं हे माझंच काम. पण आजोबांना हात लावायचा तर सरांची परवानगी लागे, आणि कार्डाचा विषय निघाला की सर कपाळाला आठ्या घालत. मी विचारलंच नाही. नोकरी गेली असती तर घरी काय सांगितलं असतं देव जाणे. पण त्या 'कवळीवाले शेवटी'ने माझं डोकं असं फिरलं होतं की काही सुचत नव्हतं. दुपारी सर वर्गावर गेले की मी सुई घेऊन बसायची. एका दुपारी चिमूटभर दगड निघायचा. सखाराम दाराशी पहारा करायचा. आपल्या काथ्याने मेस्त्रींची पैज गेली हे त्याला फार लागलं होतं. महिनाभर हे चाललं. शेवटी दोन दात मोकळे झाले. मेस्त्रींनी खिडकीतून दिलेल्या गुलाबी मेणात मी त्यांचे ठसे घेतले, बाहेरच्या घासलेल्या दातांचेही घेतले, आणि फडक्यात बांधून गजांमधून परत दिले.

आठवड्याने मेस्त्री आले ते खिडकीच्या कठड्यावर प्लॅस्टरचे दात ओळीने मांडूनच उभे राहिले. मला भिंग दिलं. "हे सखारामान घासलेले. रेघो बघ, लांब, आडवे, सगळे एकाच बाजूक. काथ्याचे. आता हे दोन बघ."

मी पाहिलं. त्या दोन दातांचीही टोकं बोथट होती. पण चकाकी नव्हती. बारीक खड्डे, टवके उडालेले, आणि त्या टवक्यांच्या कडा पुन्हा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. आखूड ओरखडे, वरून खाली. चांभाराच्या दातांविषयी ते काय म्हणाले होते ते मला आठवलं. मरून कोट्यवधी वर्षं झालेलं एक जनावर काहीतरी कडक तोंडात धरून फोडत होतं, आणि ते मी गिरगावातल्या एका खिडकीत उभी राहून बघत होते.

"काय चाललंय?" मागे सर उभे होते.

मी घाबरून उघडे पडलेले दोन दात दाखवले, सगळं सांगून टाकलं. सर रागावले, पण भिंग घेतलंच. एकदा जबड्याकडे, एकदा प्लॅस्टरकडे, असं किती तरी वेळ चाललं. मग खिडकीकडे वळून म्हणाले, "मेस्त्री, आत या."

"नाही साहेब. पहिल्या खेपेला चुकलो होतो. शब्द तो शब्द."

आणि मग सरांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांचे सगळे अपराध पोटात घातले. ते स्वतः उठले, दारातून बाहेर गेले, वळसा घालून फुटपाथवर आले आणि मेस्त्रींच्या शेजारी उभे राहून खिडकीच्या कठड्यावर वाकले. एक कोट घातलेला, एक मळक्या धोतरातला. दोघांची डोकी त्या दातांवर. सर विचारत होते आणि मेस्त्री सांगत होते. शेजारच्या कपाटात शंखासारख्या गुंडाळी झालेल्या कवचांचे दगड होते, त्याच खडकातले. सरांनी मला त्यातला एक आणायला सांगितला. त्यावर एका ओळीत भोकं पडलेली होती. सरांनी भोकं पाहिली, दात पाहिले, दातांतलं अंतर पाहिलं आणि म्हणाले, "हे चावे आहेत." मी आत उभी राहून रडत होते, आणि सखाराम मला "काय झालं बाई, काय झालं?" विचारत होता.

कार्ड बदललं, पण लगेच नाही. सरांनी चार ठिकाणी पत्रं लिहिली, उत्तरं यायला किती महिने गेले. या वेळी मी हट्ट धरला की कार्ड मराठीतही हवं, सुट्टीच्या दिवशी गिरणगावातली माणसं पोरंबाळं घेऊन येतात त्यांनी काय करायचं? सर हसून हो म्हणाले. मजकूर त्यांनीच लिहिला: दातांच्या झिजेवरून हा प्राणी कवचधारी जीव फोडून खात असावा. बस. मी म्हटलं, "आणि मेस्त्रींचं नाव?" सर म्हणाले, "कार्डावर कारागिराचं नाव घालायची पद्धत नाही." रागाने नाही म्हणाले. खरोखरच पद्धत नव्हती.

तोवर मेस्त्री खिडकीशी येईनासे झाले होते. सत्याग्रहात पकडले गेले, सुटले, पुन्हा पकडले गेले, असं कानावर यायचं. कार्ड लागलं ते त्यांना कळलं की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

मग राज्य झालं. त्या दिवशी रस्त्यारस्त्यांवर मिरवणुका, लेझीम, ढोल, गुलाल. आमच्या संग्रहालयाच्या दारावरून लालबाग-परळची एक मिरवणूक चालली होती. मी दारात उभी होते. आणि त्या गर्दीतून काळी टोपी बाहेर पडली. मेस्त्री. गुलालाने माखलेले, पार वाळलेले. तरातरा पायऱ्या चढून आले आणि उंबऱ्याच्या बरोबर एक वीत अलीकडे थांबले.

"राज्य झालं की हो मेस्त्री! आता तरी या आत!"

"नाय. कार्ड काय म्हणता? वाच. मोठ्यान वाच."

मी आत धावले. आजोबांपुढे उभी राहिले आणि ढोलांच्या वरताण आवाजात वाचलं: "दातांच्या झिजेवरून हा प्राणी कवचधारी जीव फोडून खात असावा. हे लालबागचे दत्ताराम मेस्त्री यांनी प्रथम ओळखले."

मग दारातून आवाज: "बाय! खोटां वाचतंस!"

"कशावरून?"

"तुझो आवाज बदललो गो मधीच! नाव नाय तेच्यावर!"

"नाही," मी ओरडले. "पण आत्ता लिहितेय!" आणि टेबलावरची दौत घेतली, टाक बुडवला आणि त्या सुंदर छापील कार्डावर, खाली, माझ्या गिचमिड अक्षरात ते वाक्य लिहून टाकलं. सर त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. ते कार्ड मी नोकरी सोडेपर्यंत तसंच होतं.

शाई सुकायच्या आत मी दाराशी आले. "लिहिलं," म्हटलं. मेस्त्रींनी टोपी काढली, आतल्या आजोबांच्या दिशेने हात जोडले आणि टोपी पुन्हा घातली. मी म्हटलं, "आता तो पुढचा दात तेवढा बसवून घ्या. संयुक्त महाराष्ट्र झाला."

"झालो?" मेस्त्री ताडकन म्हणाले. "मुंबई मिळाली गो. बेळगाव खंय असा? कारवार खंय असा?"

आणि ती मोकळी जागा मला नीट दिसावी म्हणून तोंडभर हसले. मग पायऱ्या उतरले आणि गुलालात मिसळून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.